तांबडी सुर्लाच्या रानात कर्णा दिसला

पाऊलवाट :

गोव्याला जाऊन समुद्राचं तोंडही न बघता परत येणाऱ्यांत आता माझंही नाव घाला. मोलेच्या बाजूला, भगवान महावीर अभयारण्यात, तांबडी सुर्लाच्या महादेवाकडे रस्ता जातो त्याच्या कडेच्या रानात कर्णा बघितला. मलबारी कर्णा हा पक्षी. आधी नर, मग थोड्या वेळाने मादी. बरीच वर्षं हुलकावणी देत होता, त्यामुळे घरी आल्या आल्या लिहायला बसलेय. लांबलं तर सांभाळून घ्या.

ज्यांना पक्षी माहीत नाही त्यांच्यासाठी आधी वर्णन. लांबी साधारण ३१ सें.मी., त्यात शेपटीचाच वाटा मोठा. नराचं डोकं, गळा आणि छाती काळी. छातीच्या खाली एक पांढरी कोर, आणि त्या कोरीखाली एकदम डाळिंबाच्या दाण्याचा लाल रंग, थेट शेपटीच्या मुळापर्यंत. पाठ तपकिरी. बंद पंखांवर काळ्या पार्श्वभूमीवर पांढऱ्या रेघांची इतकी बारीक नक्षी की दुर्बिणीशिवाय ती नुसती राखाडी दिसते. डोळ्याभोवती निळी कड. शेपूट लांब आणि टोकाला चौकोनी.

आता एवढा भडक पक्षी वर्षानुवर्षं दिसत कसा नाही, हा प्रश्न मलाही पडायचा. उत्तर परवा समोर बसलेलं होतं. कर्णा तुमच्याकडे पाठ करून बसतो. चाहूल लागली की उडून जात नाही, फक्त लाल बाजू पलीकडे करतो, मान आखडून घेतो आणि तसाच थिजून बसतो. पाठीचा तपकिरी रंग वाळक्या वेलींत असा मिसळतो की आपण त्याच्याच फांदीखालून बोलत निघून जातो. म्हणजे लाल रंग शोधत रानात फिरणाऱ्याला कर्णा दिसायचा नाही. शोधायची ती न हलणारी, तपकिरी, सरळ लोंबणारी शेपटी. जमिनीपासून फार उंच नाही, रानाच्या मधल्या मजल्यावर.

आम्हाला तो सापडला भृंगराजांमुळे. सकाळी दोन-तीन भृंगराज कोतवाल जोरजोरात ओरडत झाडांमधून सरकत होते. त्यांच्या मागे सातभाई, सुभग, एक सुतार, स्वर्गीय नर्तक अशी सगळी मिश्र टोळी. बरोबरचा स्थानिक मार्गदर्शक मुलगा म्हणाला, "टोळी पुढे जाऊ द्या, हलू नका." टोळी गेली. सगळ्यात मागे, कुणाशी काही देणंघेणं नसल्याच्या थाटात, हे महाराज. पानाखालचा एक मोठा काडीकिडा झेप घेऊन उचलला, पुन्हा फांदीवर, पुन्हा पाठ आमच्याकडे. मग फांदीवर वळला तेव्हा पोट दिसलं. पुढची काही मिनिटं कोणी बोललं नाही, नंतर सगळे एकदम बोलायला लागले.

तुम्ही कुठे, कसा पाहिलात ते लिहा. विशेषतः महाराष्ट्रात.

चष्मिष्ट :

फोटो?

पाऊलवाट :

आहे. पाठीचा. टाकते रात्री. उत्तम तपकिरी रंग आलाय.

चष्मिष्ट :

वाटलंच होतं.

नाचणीची भाकरी :

ताई, छान लिहिलंय. एक शंका. मागच्या हिवाळ्यात आंबोलीला आम्हाला असाच शेपटीचा पक्षी दिसला होता, पण पोट नारिंगी-पिवळसर होतं आणि ती पांढरी कोर नव्हतीच. डोकंही काळं नाही, मातकट. आमच्या गटात दोघांनी ठामपणे सांगितलं की हा कर्णा नाही, काहीतरी वेगळंच आहे. मी गप्प बसले. आता वाटतंय की बोलायला हवं होतं.

पाऊलवाट :

बोलायलाच हवं होतं! ती मादी. डोकं-छाती तपकिरी, पोट गेरूच्या अंगाने जाणारं नारिंगी, कोर नाही. पंखांवरची बारीक नक्षी तिलाही असते, पण रेघा तपकिरी. शेपटी आणि बसण्याची ढब बघितली की शंका राहत नाही. शिवाय सह्याद्रीत कर्ण्याची ही एकच जात आहे, त्यामुळे दुसऱ्या कुणाशी गल्लत होण्यासारखं नाही. भारतात आणखी दोन जाती आहेत, पण त्या हिमालयाच्या पूर्वेकडे आणि ईशान्येत. त्यांतली एक, लाल डोक्याची, बंगालकडच्या डोंगरांत जाणाऱ्यांना बऱ्यापैकी दिसते. दुसरीसाठी अरुणाचलात पाय झिजवावे लागतात.

आंबोलीत नेमकं कुठे दिसली ते मात्र इथे उघड लिहू नका. कारण खाली कोणीतरी काढेलच.

घाटमाथा :

महाराष्ट्रातलं विचारलंय म्हणून. आंबोली, तिलारी, दोडामार्गाची रानं ही त्यातल्या त्यात भरवशाची. कोयना-चांदोलीच्या दाट पट्ट्यातही आहे. उत्तरेकडे तर गुजरातच्या डांगापर्यंत त्याची नोंद आहे, पण पुण्याच्या वर तो सहज दिसेल अशा आशेने जाऊ नये. खाली गोव्यात मोले, बोंडला, नेत्रावळी, खोतीगाव, कर्नाटकात दांडेली-गणेशगुडी, आणि केरळात तट्टेकाड. तट्टेकाडचं रान १९३३ सालच्या त्रावणकोर पाहणीत सालिम अलींच्या नजरेत भरलं होतं. पुढे १९८३ मध्ये तिथे अभयारण्य झालं आणि त्याला त्यांचंच नाव दिलं. आकार फक्त २५ चौ. कि.मी., पण तिथले जुने मार्गदर्शक कर्ण्याच्या बसायच्या फांद्यासुद्धा ओळखून असतात. श्रीलंकेतही हाच पक्षी आहे.

वरून झाडांचं छत मिटलेलं असलं पाहिजे, ही त्याची मुख्य अट. सदाहरित किंवा निमसदाहरित रान. छत फाटलं, मध्ये मोठी मोकळी जागा आली की तो ती ओलांडायला नाखूश असतो. त्यामुळे जंगलाचा आकार नकाशावर तेवढाच दिसला तरी मधून रस्ता गेला की कर्ण्याच्या हिशेबात दोन तुकडे होतात.

सत्तरीची सून :

आमच्या मोलेचं नाव निघालं म्हणून राहवलं नाही. २०२० मध्ये याच रानातून तीन प्रकल्प एकदम न्यायचे ठरले होते: रेल्वेचा दुसरा मार्ग, चौपदरी रस्ता आणि ४०० केव्हीची वीजवाहिनी. लोक रस्त्यावर उतरले, रात्री रुळांवर जाऊन बसले. २०२२ च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने रेल्वेच्या कॅसलरॉक ते कुळे दुपदरीकरणाला दिलेली वन्यजीव मंडळाची मंजुरी रद्द केली. बाकीचं सगळं मिटलं असं समजू नका. वरचा 'दोन तुकडे' मुद्दा वाचून मला तेच आठवलं. तेव्हा आम्ही वाघाचं नाव घेऊन बोलायचो, कारण वाघाचं नाव घेतलं की माणसं ऐकतात. कर्ण्याचं नाव घेऊन कोण ऐकणार?

आणि पाऊलवाटताई, देवळात गेलात की नाही? कदंबांच्या काळातलं, बाराव्या-तेराव्या शतकातलं देऊळ आहे. पाखरांच्या नादात लोक दारातून परत जातात.

पाऊलवाट :

गेले हो. नदीपलीकडे शीळ कस्तुर गात होता, त्याच्यासाठी म्हणून गेले असं म्हटलं तर रागावू नका. नंदीसमोर बसून मोठा वेळ ऐकला.

टेलिलेन्स :

अभिनंदन. पण एवढी वर्षं वाट कशाला बघायची? त्याच्या आवाजाची ध्वनिफीत मोबाईलवर मिळते. छोटा स्पीकर घ्या, दोन-तीन वेळा वाजवा, नर समोर येऊन बसतो, तोंड तुमच्याकडे करून. मला मार्चमध्ये अर्ध्या तासात पोटाचा फोटो मिळाला. रानात अंधार असतो, आयएसओ वर न्यावा लागतो, पण पक्षी हलत नाही त्यामुळे शटर १/६० सेकंदावर ठेवलं तरी काम भागतं. मोनोपॉड हवा. तासनतास जळवा खात उभं राहण्यापेक्षा हे बरं.

घाटमाथा :

टेलिलेन्सराव, मार्चमध्ये तो समोर का आला, हा विचार केलात का? फेब्रुवारी ते मे हा त्याचा विणीचा काळ. त्याच्या हद्दीत दुसरा नर ओरडतोय असं त्याला वाटलं म्हणून तो आला. भांडायला आला. तुम्हाला दर्शन द्यायला नव्हे.

आता त्या वेळी त्याच्या घरी काय चाललेलं असतं ते बघा. कर्णा कुजलेल्या, उभ्या बुंध्यात बीळ खोदून घरटं करतो. चोच सुताराची नाही, लाकूड फोडता येत नाही, त्यामुळे हाताने चुरा होईल इतका भुसभुशीत बुंधाच लागतो. नर-मादी मिळून खोदतात आणि त्यात महिनाभर सहज जातो. अंडी बहुधा दोन. उबवायचं काम दोघांत आळीपाळीने. पिल्लं बाहेर पडल्यावरही काही महिने आईबापांच्या मागे असतात. म्हणजे एका जोडीची वर्षाची सगळी कमाई ती दोन अंडी. त्यात नर बिळातून उठून तुमच्या स्पीकरशी भांडत बसला तर तेवढा वेळ घर उघडं. तुम्ही एकदाच वाजवलंत हे मान्य. तुमच्या आधीच्या शनिवारी आलेल्यांनीही एकदाच वाजवलं, आणि नंतरच्या शनिवारी येणारेही एकदाच वाजवणार.

टेलिलेन्स :

सगळं फोटोवाल्यांच्या माथी मारायचं हे नेहमीचंच. माझ्या फोटोमुळे आमच्या सोसायटीतल्या वीसेक मुलांना कर्णा हा पक्षी अस्तित्वात आहे हे कळलं. धाग्यावरच्या वर्णनाने कळलं असतं का? आणि वनखात्याची परवानगी घेऊन, मार्गदर्शक घेऊन गेलो होतो. आवाज त्यानेच वाजवला.

सत्तरीची सून :

मार्गदर्शकाने वाजवला कारण पाहुण्याला फोटो मिळाला नाही तर पाहुणा पुढच्या वेळी दुसऱ्याकडे जातो. हे मी घरातून बघतेय, माझा दीर हेच काम करतो. एकदा एका गटाने दोन दिवस कर्णा दिसला नाही म्हणून पैशांवरून वाद घातला. तेव्हापासून तो सुरुवातीलाच सांगतो की रान दाखवण्याचे पैसे आहेत, पाखराचे नाहीत. ऐकणारे ऐकतात. तुम्ही पाहुण्यांनी आधीच सांगितलंत की आवाज वाजवायचा नाही, तर या मुलांचंही ओझं हलकं होतं.

टेलिलेन्स :

हे पटतं. सांगायला काहीच हरकत नाही. पण मग पाणवठ्यांवरच्या आडोशांचं काय? गणेशगुडीला जुन्या मॅगझिन हाऊसच्या आवारात पाण्याची छोटी कुंडं ठेवलीत, पक्षी अंघोळीला येतात, आपण लांब बसून फोटो काढायचे. तेही चुकीचंच का?

घाटमाथा :

माझ्या मते नाही. पक्षी स्वतःहून येतो, हवा तेव्हा जातो. काही जणांचा त्यालाही विरोध आहे. पाण्याची सवय लागते, शिकारी पक्ष्यांनाही जागा माहीत होते वगैरे. माझा नाही. आवाज वाजवणं आणि पाणी ठेवणं एका मापाने मोजायला मी तयार नाही.

सातासमुद्रापार :

मी अमेरिकेत, टेक्सासमध्ये असतो. दोन वर्षांपूर्वी कोस्टा रिकाच्या डोंगरांत क्वेट्झल बघायला गेलो होतो. तिथल्या मार्गदर्शकाने त्याचं कूळ सांगितलं तेव्हा लक्षात आलं की हा आपल्या कर्ण्याचाच नातेवाईक. अंगावर झळाळता हिरवा, पोटाशी तोच लाल, नराच्या शेपटीवरची पिसं हातभर लांब. त्याच बाजूच्या ग्वाटेमालाच्या झेंड्यावर तो आहे आणि तिथल्या चलनाचं नावही क्वेट्झलच. मजा म्हणजे तोही तसाच: सरळ बसणार, हलणार नाही, पाठ करणार. फरक खाण्यात. तो रानटी अवोकाडोची फळं खातो, आपला कर्णा मुख्यतः किडे.

हे कूळ अमेरिका, आफ्रिका आणि आशिया अशा तीन खंडांच्या उष्ण पट्ट्यात पसरलंय. जीवाश्म मात्र युरोपात सापडलेत, सुमारे ५ कोटी वर्षांपूर्वीचे, डेन्मार्क-जर्मनीकडचे. तेव्हा तिकडे उष्ण जंगलं होती. गाव सुटलेली माणसं मला लगेच जवळची वाटतात, असो.

चष्मिष्ट :

पाठ करून बसतो हे ठीक, पण मग एकदम वळल्यावर दिसायला हवा ना? माझ्याकडे चांगली ८x४२ दुर्बीण आहे आणि तरी मला रानात फक्त पानं दिसतात.

घाटमाथा :

वळतानाच तर दिसतो. या कुळाच्या पायांची गंमत आहे. पहिलं आणि दुसरं बोट मागे, बाकीची दोन पुढे. सुतार, पोपट यांचीही दोन बोटं मागे असतात, पण पहिलं आणि चौथं. कर्णाकुळासारखी मांडणी दुसऱ्या कुठल्याच पक्ष्यात नाही. पाय आखूड आणि इतके दुबळे की चालणं जवळजवळ जमत नाही. फांदीवर तोंड फिरवायचं तरी पंखांचा आधार घ्यावा लागतो. त्या क्षणी पंख उघडतात, शेपटीच्या कडेची पांढरी पिसं चमकतात, आणि तुमची नजर तिकडे जाते. म्हणून दुर्बीण डोळ्याला लावून रान चाळत बसू नका. दुर्बीण गळ्यात, डोळे मोकळे, हालचाल दिसली की मग दुर्बीण.

आवाजही ओळखून ठेवा. घशातून काढलेला 'क्याव, क्याव, क्याव', एका दमात चार-पाच वेळा, मग गप्प. फार मोठा नाही. कुठून आला ते पटकन कळत नाही. त्याशिवाय एक हळू 'चुर्र' असतो, तो ऐकू आला तर पक्षी अगदी जवळ आहे असं समजा.

पाऊलवाट :

यात एक भर. पिसांबद्दल वाचलं होतं ते तिथल्या मुलानेही सांगितलं. कर्ण्याची कातडी फार नाजूक, पिसं जराशा ओढीनेही सुटतात. संग्रहालयात पेंढा भरून ठेवलेले नमुने उजेडात राहिले की लाल रंग उडतो, फिका पडत जातो. हा लाल रंग अन्नातून येणाऱ्या रंगद्रव्यांचा असतो. त्यामुळे काचेच्या कपाटात पाहिलेला कर्णा पाहिल्यात जमा धरू नये, असं माझं मत.

डॉ. बिनपगारी :

रंगाचा बेरंग करतो, क्षमा. पण इथे निम्म्या लोकांनी 'शांत बसून वाट बघा' लिहिलंय आणि कुठे बसायचं नाही ते कोणीच लिहिलेलं नाही.

तिलारी, दोडामार्ग, सत्तरी या सगळ्या पट्ट्यात माकडतापाचे रुग्ण झाले आहेत. १९५७ मध्ये शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूर जंगलात हा आजार प्रथम ओळखला गेला. गोव्यात सत्तरीत आणि आपल्याकडे दोडामार्गात तो २०१५-१६ च्या सुमारास चांगलाच जाणवला. विषाणूजन्य ताप आहे, गोचिडीच्या चावण्यातून होतो. हंगाम साधारण डिसेंबर ते मे, म्हणजे नेमका पक्षी बघणाऱ्यांचा हंगाम. काजूच्या हंगामात पाला गोळा करायला, काजू वेचायला जाणारी माणसं सगळ्यात जास्त सापडतात.

तेव्हा वाळक्या पाल्यात, पडलेल्या ओंडक्यावर बसायचं नाही. घडीचं स्टूल न्या. पूर्ण बाह्या, पँट मोज्यात खोचलेली. आरोग्य केंद्रातून गोचिडी दूर ठेवणारं डेपा तेल देतात ते उघड्या अंगाला लावा. परत आल्यावर गरम पाण्याने अंघोळ, कपडे वेगळे धुवा, अंग नीट तपासा. मेलेलं माकड दिसलं तर फोटो काढायला जवळ जाऊ नका, वनखात्याला किंवा आरोग्य केंद्राला कळवा. आणि रानातून आल्यावर आठवड्या-दीड आठवड्यात कडक ताप, अंगदुखी सुरू झाली तर डॉक्टरांना 'मी रानात गेलो होतो' हे आपणहून सांगा. शहरातला डॉक्टर हा प्रश्न विचारीलच असं नाही.

नाचणीची भाकरी :

बापरे. धन्यवाद डॉक्टर. आम्ही मस्त पाल्यावर सतरंजी टाकून पोहे खाल्ले होते.

डॉ. बिनपगारी :

पोह्यांना हरकत नाही.

दोडामार्गकर :

पाऊलवाट, बरा केलास लिवलस ता. आता माझं ऐका, थोडं कडू आहे.

तुम्ही सगळे अभयारण्याबद्दल बोलताय. आमच्याकडची बरीचशी रानं सरकारी नाहीत, मालकीची आहेत. माझ्या चुलत्यांच्या आणि आमच्या सामायिक जमिनीत दहा-बारा वर्षांपूर्वीपर्यंत असं रान होतं की दुपारी बारा वाजता खाली सावली. त्यात हा तुमचा कर्णा होता. आम्ही त्याला नाव वगैरे काही दिलेलं नव्हतं, तांबडा पक्षी एवढंच. मग काजू आला. त्याच्या आधी आणि त्याच्या बरोबरीने केरळकडची मंडळी येऊन रबर लावून गेली. रानाचं उत्पन्न शून्य, काजूचं दरवर्षी. चुलत्यांनी त्यांचा भाग उतरवला. त्यांना दोष द्यायला तुम्ही पुण्याहून येऊ नका, त्यांच्या मुलीचं शिक्षण त्या काजूवर झालंय. २०१३ पासून सावंतवाडी-दोडामार्गच्या वन्यप्राण्यांच्या भ्रमणमार्गात झाडतोडीला उच्च न्यायालयाची मनाई आहे. तरी काय चालतं ते इथे राहणाऱ्याला विचारा. २०२० मध्ये तिलारीचं राखीव क्षेत्र जाहीर झालं ते २९ चौरस किलोमीटरच्या आसपास. बाकी सगळं आमच्यासारख्यांच्या सातबाऱ्यावर.

आमच्या वाट्याचा डोंगरउताराचा तुकडा अजून रान आहे. माझा एक प्रश्न आहे. घाटमाथा म्हणतात तसा कुजका बुंधा लागतो. आमच्याकडे दरवर्षी बेणणी, म्हणजे झाडोरा साफ करताना वठलेली झाडं, खुंट पहिल्यांदा काढतात. कारण एक तर जळणाला, दुसरं म्हणजे अंगावर पडायची भीती. ते ठेवले तर कर्णा येईल का? की बाजूला काजू आहे म्हणून येणारच नाही?

घाटमाथा :

'येईल' असं लिहून देणं कोणालाच शक्य नाही. पण वरचं छत शाबूत असेल आणि तुमचा तुकडा पलीकडच्या मोठ्या रानाला चिकटून असेल, तर तुम्ही त्याच्या घरट्याची जागा तरी राखाल. जगाच्या यादीत कर्णा धोक्यातला पक्षी नाही, त्यामुळे त्याच्यासाठी कोणी योजना घेऊन तुमच्या दारात येणार नाही. आणि गंमत बघा, लागवडीचे कार्यक्रम सगळीकडे होतात, पण वठलेलं झाड उभं ठेवण्याचा कार्यक्रम मी अजून बघितलेला नाही. कर्ण्याला नेमकं तेच हवं असतं. नुसता त्यालाच नाही. सुतार, तांबट, पिंगळे, सगळ्या पोकळीवाल्यांचा संसार त्यावर असतो.

सत्तरीची सून :

दादा, चुलत्यांशी भांडून काही करू नका. सामायिक जमीन आहे म्हणालात. कागद आधी बघा.

दोडामार्गकर :

वाटणी झालेली आहे, वहिनी. हा तुकडा माझ्या आणि आईच्या नावावर. आई ही खरी अडचण. ती म्हणते कुजका खुंट ठेवलास तर वाळवी येईल, ती घराच्या वाशांपर्यंत चढेल, आणि त्यात साप राहतील ते वेगळंच.

घाटमाथा :

आईंचं वाळवीबद्दलचं म्हणणं उडवून लावू नका. घराजवळचे खुंट काढाच. राखायचे ते आत, उताराच्या खालच्या बाजूला, पायवाटेपासून आणि जिथे माणसं काजू वेचायला फिरतात तिथून लांब. फार उंच असायची गरज नाही, माणसाच्या उंचीचा बुंधासुद्धा चालतो. जाडी मात्र हवी, आत बीळ बसेल एवढी. साल सुटलेली, बोटाने दाबलं तर चुरा होणारा. आणि त्याच्या भोवतालची झुडपं बेणू नका.

दोडामार्गकर :

असे तीन-चार तरी आहेत खाली व्हाळाकडे, ओढ्याच्या बाजूला. बेणणीला येणाऱ्या गड्यांना सांगून चालत नाही, ते सवयीने तोडतात. चुन्याचा पट्टा मारून ठेवतो.

टेलिलेन्स :

दोडामार्गकर, आला तर मला बोलवा. स्पीकर घरी ठेवून येईन.

दोडामार्गकर :

या. स्टूल आमच्याकडे आहे. डेपा तेल तुमचं तुम्ही आणा, आमच्या केंद्रात संपलंय.